गाळलेली मरणं

८ जानेवारी

प्रिय टिटवी,

आशीर्वाद नेहमीचे आहेतच, पण आज आधी भांडण.

मधमाश्या पाळणाऱ्याच्या कादंबरीच्या सगळ्या कॅसेटी ऐकून झाल्या. माणूस झकास उभा केलाय. पोळ्याशी तासन्‌तास बोलतो आणि बायकोने हाक मारली की बहिरा होतो, तिथे मी खोलीत एकटीच हसत सुटले. पण मला सांग, इतका खोकणारा माणूस शेवटी ठणठणीत होऊन अंगणात खुर्ची टाकून कसा बसतो? माझा जन्म वॉर्डात गेला, मेट्रन होऊन निवृत्त झाले, मला खोकला शिकवू नये कोणी. तिसऱ्या कॅसेटलाच मी म्हटलं होतं, हा काही राहत नाही. आणि हा पठ्ठ्या राहिला!

त्याआधीचा तो बोटीवरचा स्वयंपाकी. एवढं वादळ आलं, गेलं, सगळे सुखरूप. त्याआधीच्या दोन्ही पुस्तकांतही तेच. डोळे गेल्यापासून दोन वर्षं तू मला पुस्तकं वाचून पाठवते आहेस, त्यांत एक माणूस मेलेला नाही. हल्लीच्या लेखकांचा हात धजत नाही की काय? आमच्या वेळी पुस्तकातली माणसं बरी मरायची.

बाकी माझं बरं आहे. समोर बघितलं की मधोमध तो करडा डाग असतो, कडेकडेचं दिसतं. पुठ्ठ्याची पट्टी ठेवून लिहिते आहे, ओळी चढल्या-उतरल्या तर सांभाळून घे. तुझी बोटाएवढ्या अक्षरांतली पत्रं मला वाचता येतात, हे मोठंच सुख. पोस्टमन विचारतो, तुम्हाला पत्रं येतात की दुकानाच्या पाट्या?

आता पुढचं. रेडिओवर एका इस्त्रीवालीच्या कादंबरीबद्दल ऐकलं. मुलगा भांडून जातो आणि ती त्याला शोधत निघते म्हणे. ती वाचून पाठव.

आणि पुन्हा सांगते, दादाला माझ्या डोळ्यांचं कळवायचं नाही. सहा वर्षं बोलत नाही तो माझ्याशी, स्वतःच्या आईशी. आता दया येऊन बोलायला लागला तर ते मला नको आहे.

तुझी मावशी


२१ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. भांडण मिळालं. तुझ्या खोकल्याच्या ज्ञानापुढे मी हात टेकले. शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटला असेल तर लेखकाला नको, मला बोल. त्या दिवशी माझाच घसा बसला होता.

तुला ठाऊक आहे, मी हे सगळं आमच्या दातांच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत वाचते. प्लास्टरच्या पोत्यांची एक खोली आहे, पोती आवाज पिऊन टाकतात, म्हणून रेकॉर्डिंग चांगलं होतं. परवा पॉलिश करणारा आमचा माणूस दार ढकलून आत आला आणि मी पोत्यांशी प्रेमाने बोलतेय असं त्याला वाटलं. तेव्हापासून तो मला जरा आदराने वागवतो.

माझ्यासाठी म्हणून मी नुकतीच एक रहस्यकथा वाचली. खुनी दुसऱ्याच प्रकरणात कळतो आणि पुढे लेखक आपल्याला नुसता गावभर हिंडवतो. कथांचं एक पुस्तक वाचलं, त्या बऱ्या आहेत, पण त्यातल्या सगळ्या बायका संधी मिळाली की खिडकीपाशीच जाऊन रडतात. घरात दुसरी जागाच नाही जणू.

इस्त्रीवालीची कादंबरी मी वाचली आहे. मला नाही फारशी आवडली. भाषा अवजड आहे आणि लांबण फार. त्यापेक्षा वाळवंटाचं एक प्रवासवर्णन आहे, ते पाठवू का? तुला उंट आवडतील.

दादाचं कार्ड आलं होतं. मुलगी चार वर्षांची झाली, असं लिहिलंय आणि खाली एकच ओळ: 'आई बरी आहे ना?' मी उत्तरात 'हो' लिहिलं. तू शपथ घातली आहेस म्हणून लिहिलं. पण ते एक अक्षर लिहून पाकीट चिकटवताना मला फार कसंतरी झालं, मावशी.

उंट नकोच असतील तर इस्त्रीवाली सुरू करते. तुला नाही म्हणायला मला कधी जमलंय?

तुझी टिटवी


२ मार्च

प्रिय टिटवी,

उंट नकोतच.

इस्त्रीवाली संपली. तू म्हणालीस ते खरं, लेखक महाशय स्वतःच्याच भाषेच्या प्रेमात आहेत. निखाऱ्याला तीन विशेषणं, घामाला तीन, साध्या कॉलरलासुद्धा तीन. एखादं कमी पडलं तर कपड्याला सुरकुती पडेल अशी भीती. मधल्या भागात मला दोनदा झोप लागली.

पण शेवटचं प्रकरण! टिटवी, ते कुठून आणलं त्याने? एक विशेषण नाही. लेखकाने पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्याच कोणी उचलून लिहिलं, असं वाटलं मला. ती दुकानाला कुलूप लावते, न कळवता गाडीत बसते, मुलाच्या दारावर थाप मारते. तो दार उघडतो. दोघं नुसती उभी. आणि मग तो म्हणतो, 'बॅग दे, आई. जड असेल.' बस्स. माफी नाही, रडारड नाही, कोण बरोबर नि कोण चूक काही नाही. मी कॅसेट इतक्या वेळा मागे फिरवली की आता टेप तिथे किरकिरते.

मग मी बसून विचार केला. मी तरी कशाची वाट बघते आहे? तुझे काका, त्याचे बाबा, आजारी होते तेव्हा दादाची तिकडे नवी नोकरी होती. मी त्याला 'साधा ताप आहे' असंच कळवत राहिले. मला काय होणार ते दिसत होतं, पण त्याची ओढाताण नको म्हणून दाबून ठेवलं. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. 'तू माझ्या वतीने ठरवलंस' एवढंच बोलून गेला. मी आजही म्हणते, त्याच्या भल्यासाठीच केलं. पण त्या बाईने दाखवलं की असा हिशेब मांडत बसायचंच नाही. जायचं आणि दारात उभं राहायचं.

तेव्हा एकोणतीस तारखेच्या बसचं तिकीट काढलं आहे. खालच्या शिंपीणबाई गाडीत बसवून देतील, पुढे विचारत विचारत जाईन. कळवून जाणार नाही. तीसुद्धा कळवून गेली नव्हती.

एखादं पुस्तक माणसाला उठवून चालायला लावतं, ते असं. तू वाचलंस म्हणून झालं हे. तुझे उपकार मानते.

तुझी मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि कामात लक्ष लागेना. एका आजोबांच्या कवळीत दोन दात उलटे बसवले.

उपकार कसले मानतेस? कृपा करून असं लिहू नकोस.

मला वाटतं, तू थोडं थांबावंस. तुझे डोळे असे, एवढा प्रवास, उतरल्यावर ओळखीचं कोणी नाही. आधी मला दादाशी बोलू दे. निदान तू येणार हे त्याला माहीत तरी असावं. माणूस दारात कुठल्या मनःस्थितीत असेल, काय सांगावं? कादंबरी ती कादंबरी. लेखक लिहून मोकळा होतो, निस्तरायचं आपल्याला असतं.

आणि खरं सांगू? तो शेवट मला इतका काही पटला नव्हता. आधीच्या सगळ्या पुस्तकाशी तो जुळत नाही. चिकटवल्यासारखा वाटतो.

तिकीट बदलून मिळत असेल तर बदल. मे महिन्यात मी रजा काढते, आपण दोघी जाऊ.

तुझी टिटवी


१४ मार्च

टिटवी,

तुला दातांतलं कळतं, मला माणसांतलं. चिकटवल्यासारखा म्हणे! त्या सबंध पुस्तकात खरं तेवढंच आहे. मनाने रचून असं लिहिता येत नाही कोणाला. लिहिणाऱ्याने कुठेतरी तो मुलगा आणि ती आई पाहिली असणार, निदान तसं व्हावं म्हणून तळमळला तरी असणार.

दादाशी तू बोलायचं नाहीस. तुझ्या शिफारशीवर आत घेतलेली आई मला व्हायचं नाही. मे महिन्याचं तर नावच काढू नकोस. उद्या-उद्या करत सहा वर्षं गेली आहेत.

मला वाटलं होतं, सगळ्यांत जास्त आनंद तुला होईल. असो.

मावशी


१८ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्या घराखालच्या दुकानात दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू आंघोळीला गेली होतीस, दुसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, येत नाही म्हणतात. बरंच झालं. फोनवर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलले असते.

तो शेवट मी लिहिला आहे.

पुस्तकात तसा नाही. पुस्तकात मुलगा दार उघडतो, आईकडे बघतो आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारतो, 'कोण पाहिजे?' ती थोडा वेळ उभी राहते. मग म्हणते, 'पत्ता चुकला वाटतं,' आणि जिना उतरते. तिथे पुस्तक संपतं. मी ते वाचायला घेतलं होतं. बटण दाबलं, तोंड उघडलं आणि समोर तू दिसलीस, खुर्चीत बसून कान देऊन ऐकणारी. मला ते तुझ्या कानात घालवेना. बटण बंद केलं, प्लास्टरच्या पोत्यावर कागद ठेवून दुसरं लिहिलं आणि ते वाचलं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. तुला वाचून दाखवलेल्या पहिल्याच पुस्तकात नवरा हॉस्पिटलमध्ये जातो. मला काका आठवले, मी सरळ पुढचं प्रकरण काढलं. तू लिहिलंस, 'मजेत वेळ गेला.' मग मला सवयच लागली. तुझा मधमाश्यावाला मेला, मावशी, तू म्हणालीस त्याच खोकल्याने. बोटीवरचा स्वयंपाकी बुडाला. मी सगळ्यांना जिवंत ठेवलं. कवळी करताना आम्ही नव्या दाताचा रंग जुन्याशी असा मिळवतो की घरच्यांनाही कळू नये. मी तसेच शेवट बसवत गेले आणि तुला कळलं नाही की मनातून खूश व्हायचे. हे लिहितानासुद्धा शरम वाटते.

तू लिहिलंस की एक माणूस मरत नाही, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घशावर ढकललं. तू तिकीट काढलंस तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुझ्या डोळ्यांवर ढकललं.

'बॅग दे, आई' हे माझं वाक्य आहे. दादाच्या तोंडून ते ऐकायची मला इतकी हौस होती की मी ते एका परक्याच्या पुस्तकात घुसवलं. आता तू माझ्या वाक्याच्या भरवशावर त्याच्या दारात जाणार आहेस. त्याने 'कोण पाहिजे' म्हटलं तर तुला तिथे मीच उभं केलेलं असेल.

दादा 'तू माझ्या वतीने ठरवलंस' म्हणाला, त्या दिवशी मी जिन्यातच होते. मला ते शब्द चांगले ऐकू आले होते. तरी मी तुझ्याशी तेच केलं. तुला काय झेपेल ते मीच ठरवून टाकलं. जन्मभर लोकांची मरणं निभावलेल्या बाईला मी कागदावरच्या मरणापासून लपवत बसले.

सोबत कॅसेट आहे. शेवटचं प्रकरण जसंच्या तसं वाचलंय, एक शब्द गाळलेला नाही. जा किंवा नको जाऊस, हे मी सांगणार नाही. ऐकून तू ठरव.

टिटवी


२३ मार्च

टिटवी,

कॅसेट ऐकली.

इतका संताप आला की तुझ्या आवाजाच्या सगळ्या कॅसेटी ट्रंकेत भरल्या आणि ट्रंक पायाने पलंगाखाली ढकलली. शिंपीणबाई वर आल्या, काय पडलं म्हणून. मला काय सोसेल ते ठरवणारी ही कोण, असं मी त्यांच्यासमोर मोठ्याने ओरडले. आणि ओरडता ओरडता थांबले. कारण हेच मी आधी ऐकलं होतं. सहा वर्षांपूर्वी, माझ्याच घरात, उभ्या उभ्या.

भल्यासाठी केलेलं इतकं लागतं हे मला माहीत नव्हतं गं. आपल्याला मूर्ख समजलं गेलं, आणि तेही प्रेमाने. राग काढायला जागाच उरत नाही. मी त्याच्याकडून त्याचा बाप काढून घेतला आणि वर तोंड करून म्हणत राहिले, तुझी ओढाताण वाचवली.

तिकीट ठेवलं आहे. बॅग कोणी घ्यावी म्हणून जात नाही. चुकले म्हणायला जाते आहे. 'कोण पाहिजे' म्हणाला तर म्हणेन, तूच. पत्ता चुकला असं मी काही म्हणायची नाही.

तुला माफ केलेलं नाही. खरा शेवट मात्र चांगला आहे हे कबूल करते, विशेषणं असूनही.

मावशी


३१ मार्च

टिटवी,

दादाच्या घरून लिहिते आहे. पुठ्ठ्याची पट्टी घरी विसरले, तेव्हा एकात एक ओळी येतील. जमेल तसं वाच.

दार त्यानेच उघडलं. सूनबाई कामावर, नात बालवाडीत. तो तुझं वाक्य म्हणाला नाही आणि पुस्तकातलंही नाही. म्हणाला, 'चपला बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीय.' मी काढल्या. आत गेले आणि बॅग हातात धरूनच सगळं बोलून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. म्हटलं, 'मी चुकले रे. यायचं की नाही ते तू ठरवायचं होतंस. मी तुला कळूच दिलं नाही.' त्याने दार लावून घेतलं. मग म्हणाला, 'बस. चहा ठेवतो.'

मला वाटलं, जिंकलं.

कप कुठे आहे ते बोटाने हळूच चाचपून घेतलं, त्याच्या लक्षात येऊ नये अशा बेताने. मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होते, काय तो खांदा तेवढा दिसत होता. मग तो आत जाऊन एक फ्रेम घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. 'हे बघ,' म्हणाला. मी उजेडाकडे धरली. काचेवर नुसता प्रकाश आणि मधे माझा डाग. म्हटलं, नातीचाच फोटो असणार, दुसरा कुठला दाखवेल? कौतुकाने म्हणाले, 'अगदी तुझ्यावर गेलीय रे पोरगी. नाक तर तुझंच.'

त्याने फ्रेम माझ्या हातातून घेतली.

मग म्हणाला, 'आई, हा बाबांचा फोटो आहे.'

टिटवी, मी तुझ्या काकांबरोबर अख्खा संसार केला.

'कधीपासून?' त्याने विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं. 'टिटवीला माहीत आहे?' मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं गं, इतकी हाडात मुरलीय ही खोड. मग म्हटलं, हो. तो म्हणाला, 'मी तिला विचारलं होतं. तिने हो, एवढंच लिहिलं.' आणि थोड्या वेळाने म्हणाला, 'आत्ता काय म्हणत होतीस तू? चुकले ना? तुझा चहा अजून निवला नाही, आई.'

माफी मागायला मी एवढा प्रवास करून गेले आणि माफी मागता मागता तेच करत बसले होते. तू मला कागदावरच्या मरणापासून लपवलंस, मी त्याच्यापासून माझे डोळे लपवले. तुला ट्रंकेत कोंडून मी मोठी शहाणी झाले होते. आता तुझ्यावर रागवायचं तोंडही मला राहिलं नाही. शपथ मी घातली होती, तुझ्याकडून खोटं मीच लिहून घेतलं. तो तुला पत्र लिहिणार आहे. काय लिहिणार ते त्याने सांगितलं नाही. जे लिहील ते वाचून घे, त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं आहे.

संध्याकाळी सूनबाई आणि नात आल्या. नात आली ती सरळ माझ्या मांडीवर चढून बसली. तिचा चेहरा मी हातांनी पाहिला, चोरून नाही, सगळ्यांसमोर. तो बघत होता की नाही, कोण जाणे. जेवताना माझ्याशी बोलला नाही. जा असंही म्हणाला नाही.

आज सकाळी त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर येऊन बसला. वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाज आला. 'ऐक,' म्हणाला आणि वाचायला लागला. पहिल्या पानापासून. निवडणूक, अपघात, पाणीकपात, मला कधीच न आवडलेलं खेळाचं पान, तेही सगळं. मी म्हटलं, एवढं नको रे, दमशील. तो थांबला नाही. शेवटी निधनाच्या बातम्या आल्या. नाव, वय, कशाने गेले, मागे कोण कोण आहे. एक झाली की दुसरी, एकही गाळली नाही. आवाज सपाट होता. रागाने वाचत होता की मायेने, ते कळायला मला त्याचा चेहरा दिसायला हवा होता, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. मी शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिले.

मावशी